पर्सनल कम्प्युटरमधलं ‘पर्सनल’ आलं कुठून?

धंतोलीकर

मागच्या रविवारी पुतणीसाठी कम्प्युटर बघायला नागपुरात बर्डीवर गेलो होतो. दुकानदारानं आल्याआल्या विचारलं, “पीसी दाखवू की लॅपटॉप?” पुतणी अकरावीत आहे. बाहेर पडून व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, “मोठे बाबा, पीसी म्हणजे पर्सनल कम्प्युटर ना? मग टेबलावरचा पर्सनल कसा? तो तर सगळं घर वापरेल. लॅपटॉप फक्त माझ्याजवळ राहील, आणि त्याला मात्र पीसी म्हणत नाहीत.”

सिग्नल सुटला, पण तिला उत्तर मिळालं नाही. पीसीचा फुल फॉर्म कुणीही सांगेल. ‘पर्सनल’ हाच शब्द का लागला, हे मी चाळीस वर्षांत कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

आठवडाभर डोक्यात तेच आहे. माझा अंदाज आधी मांडतो, मग तुम्ही खोडा किंवा भर घाला.

मी 1981 साली इंजिनिअरिंगला होतो. तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर 80 रकाने असायचे. फोरट्रान या प्रोग्रॅमच्या भाषेतलं विधान सातव्या रकान्यापासून बहात्तराव्यापर्यंतच लिहायचं. एका ओळीला एक कार्ड. पंचिंग मशीनजवळ रांग, मग गठ्ठ्याला रबरबँड लावून खिडकीत द्यायला रांग, आणि निकाल दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम राहिला की कागदावर फक्त चूक छापून यायची आणि सगळं पहिल्यापासून. गठ्ठा हातातून पडला तर क्रम विस्कटायचा, म्हणून आम्ही गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर स्केचपेननं एक तिरपी रेघ ओढून ठेवायचो. कार्डं पसरली तर रेघ जुळेल तशी लावत जायची. यंत्र आम्ही काचेपलीकडून बघितलं. चार वर्षांत त्याला बोटसुद्धा लावलं नाही.

ज्यानं ही रांग बघितली त्याला ‘पर्सनल’चा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. यंत्र लहान आहे की मोठं, एकटा वापरतो की घरचे पाच जण, हा मुद्दा नाहीच. मध्ये खिडकी नाही, हा मुद्दा आहे. मला वाटतं हे नाव रांगेतूनच जन्मलं. कुणाला नक्की माहिती आहे का?

अंबाझरीचा_वारा

काका, कार्डांचं वाचून छान वाटलं, पण नावाचं उत्तर सोपं आहे. 12 ऑगस्ट 1981 ला आयबीएमनं न्यूयॉर्कमध्ये एक मशीन जाहीर केलं. मॉडेल नंबर 5150, बाजारातलं नाव ‘आयबीएम पर्सनल कम्प्युटर’. त्याचंच पीसी झालं. किंमत 1565 डॉलरपासून पुढे, इंटेलचा 8088 प्रोसेसर, मेमरी सुरुवातीला 16 केबी. आपण ज्याला पीसी म्हणतो तो त्याचाच वंशज. नाव आयबीएमचं.

धंतोलीकर

तारीख बरोबर आहे. पण आयबीएमनं शब्द घडवला नाही, तयार शब्द उचलला. आधीची काही उदाहरणं मला ठाऊक आहेत.

1977 साली कमोडोर कंपनीचं ‘पेट’ नावाचं यंत्र आलं. त्यातला ‘पी’ पर्सनलचाच होता, पूर्ण नाव पर्सनल इलेक्ट्रॉनिक ट्रान्झॅक्टर. त्याआधी 1972 मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या अॅलन के यांनी लहान मुलांना वापरता येईल अशा पर्सनल कम्प्युटरवर निबंध लिहिला होता. वहीएवढं यंत्र, मूल कुठंही घेऊन बसेल, अशी त्यांची कल्पना होती. तेव्हा तसं यंत्र बनवणं शक्यच नव्हतं.

आणि माझा लाडका दाखला 1968 चा. ऑक्टोबर महिन्यात ‘सायन्स’ या नियतकालिकात ह्युलेट-पॅकार्डची जाहिरात आली. यंत्राचं नाव 9100ए. जाहिरातीत त्याला सरळ ‘पर्सनल कम्प्युटर’ म्हटलंय. आणि त्याचा फायदा काय सांगितलाय? मोठ्या कम्प्युटरवर नंबर लागेपर्यंत वाट बघण्यातून तुमची सुटका होईल! ते वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो. तीच आमची खिडकी, तीच रांग, फक्त अमेरिकेतली आणि तेरा वर्षं आधीची.

अंबाझरीचा_वारा

हे माहीत नव्हतं. पण 9100ए तर कॅल्क्युलेटर म्हणून प्रसिद्ध आहे ना?

धंतोलीकर

हो, आणि त्यातच खरी गोष्ट आहे. किंमत 4900 डॉलर, वजन अठरा किलोच्या आसपास, आत एकही आयसी (अनेक भाग एकत्र असलेली चिप) नाही, सगळं सुट्या ट्रान्झिस्टर-डायोडवर. प्रोग्रॅम भरता यायचा, साठवता यायचा. तरी कंपनीनं पुढे त्याला कॅल्क्युलेटरच म्हटलं. बिल ह्युलेट यांनी कारणही सांगून ठेवलंय. कम्प्युटर म्हटलं असतं तर गिऱ्हाइकाच्या कंपनीतल्या कम्प्युटर-पंडितांनी ते नाकारलं असतं, कारण ते आयबीएमच्या यंत्रासारखं दिसत नव्हतं. कॅल्क्युलेटर म्हटल्यावर कुणी अडवलं नाही.

डेक या कंपनीचंही तसंच. 1957 साली कंपनी निघाली तेव्हा पैसे लावणाऱ्यांनी बजावलं होतं, कम्प्युटर हा शब्द नको, त्यात सगळे बुडतात. म्हणून त्यांच्या यंत्रांचं नाव ‘पीडीपी’ पडलं, प्रोग्रॅम्ड डेटा प्रोसेसर. म्हणजे माणसाच्या जवळ येऊ पाहणाऱ्या यंत्रांना वीस वर्षं स्वतःचं नाव लपवावं लागलं. ‘कम्प्युटर’ शब्दाचा दराराच एवढा होता. त्याच्याशेजारी ‘पर्सनल’ लिहिणं हे तेव्हा धाडस होतं, आज ते आपल्याला जाणवत नाही.

शब्दवेडी_लक्ष्मीनगर

धंतोलीकर दादा, तुमच्या रांगेला माझ्याकडून एक किल्ली जोडते.

1990 च्या आसपास आमच्या ऑफिसात पहिला पीसी-एटी आला. त्याच्यासाठी वेगळी खोली. अख्ख्या मजल्यावर एसी फक्त तिथेच, चपला दाराबाहेर. संध्याकाळी मशीनवर रेक्झिनचं कव्हर चढवायचं. त्या एटीच्या पुढच्या बाजूला बारीक गोल कुलूप असायचं, आठवतं का कुणाला? किल्ली फिरवली की कीबोर्ड बंद. ती किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. आम्ही तिघी डेटा एंट्री शिकून आलो होतो, प्रमाणपत्रं होती, तरी रोज सकाळी किल्ली मागायला केबिनबाहेर उभं राहावं लागायचं. साहेब दौऱ्यावर गेले की मशीन बंद. मशीनच्या पाटीवर नाव काय, तर पर्सनल कम्प्युटर. ते मला तेव्हाही लागायचं आणि आजही लागतं.

आता शब्दाकडे येते. आपण ‘पर्सनल’चं भाषांतर ‘वैयक्तिक’ करतो. पाठ्यपुस्तकात ‘वैयक्तिक संगणक’ आहेच. पण बोलताना आपण पर्सनल म्हणजे खाजगी असं धरतो. “जरा पर्सनल बोलायचंय” म्हणजे चारचौघांत नको. तुमची पुतणी त्याच अर्थानं विचारतेय. दादांनी सांगितलेला अर्थ मात्र ‘हक्काचा’ असा आहे. हक्काचं घर, हक्काचा माणूस. घरात पाच जण असले तरी घर हक्काचंच असतं. माझ्या मते पीसी म्हणजे हक्काचा संगणक.

सुटेभाग_बर्डी

ताई, ते कुलूप मी रोज पाहत होतो. मी बर्डीवर 24 वर्षांपासून रिपेअरिंग करून राहिलो. उस्तादांच्या हाताखाली लागलो तेव्हा जुने एटीचे डब्बे भंगारात निघत होते. किल्ल्या हरवलेल्या असायच्या, आम्ही आतून दोन वायरींची पिन काढून टाकायचो. कुलूप खतम. एवढंच होतं ते.

नावाचं मी माझ्या बाजूनं सांगतो. आयबीएमनं ते मशीन घाईत बनवलं, फ्लोरिडात एका छोट्या टीमनं, वर्षभरात. म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, बाकी माल बाजारात मिळेल तो. वरून सर्किटचे नकाशे आणि बायोसचं, म्हणजे मशीन चालू होताच सगळे भाग जागे करणाऱ्या प्रोग्रॅमचं, लिस्टिंग पुस्तकात छापून दिलं. स्वतःचं असं फक्त बायोस राहिलं होतं, त्यावर कॉपीराइट. मग दुसऱ्या कंपन्यांनी काय केलं, एका टीमनं वाचून फक्त लिहून काढलं की बायोस काय काय काम करते. दुसऱ्या टीमनं, जिनं ते लिस्टिंग पाहिलंच नव्हतं, त्या कागदावरून नवीन बायोस लिहिली. नक्कल म्हणता येत नाही, आणि चालते मात्र बरोब्बर तशीच. 1982 मध्ये कोलंबिया डेटा प्रॉडक्ट्स आली, मग कॉम्पॅक.

आता त्या मशीनला म्हणायचं काय? आयबीएम म्हणता येत नाही. तं ‘पीसी कम्पॅटिबल’ म्हणा. ‘पर्सनल’, ‘कम्प्युटर’ हे दोन्ही साधे शब्द, त्यांच्यावर कोणाची मालकी कशी राहणार? मला विचाराल तं नाव तिथंच पसरलं. आयबीएमनं दिलं आणि नक्कलवाल्यांनी घरोघरी नेलं. आयबीएमनं तं पुढं 2005 मध्ये पीसीचा धंदाच लेनोव्होला देऊन टाकला. नाव राहिलं.

आणि भारतात तं आयबीएम 1978 मध्येच निघून गेली होती. आपल्याकडे ‘पीसी’ आला तो बहुतेक सगळा कम्पॅटिबलच. एक्सटी आणि एटी ही आयबीएमच्या मॉडेलांची नावं, एक्सटी 1983 चं, एटी 1984 चं. आमच्या धंद्यात ती जातीची नावं झाली. “एक्सटी आहे का एटी?” असंच विचारायचे. एटी आजही जिवंत आहे. तुम्ही कॅबिनेट घ्यायला या, मी म्हणीन एटीएक्स. ते 1995 मध्ये इंटेलनं एटीच्याच नावाला एक्स लावून केलेलं माप आहे. मे महिन्यात पारा 46 वर गेला आणि कूलरची ओलसर हवा लागून एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डब्बा, उडाला की माणूस माझ्याकडे येतो आणि म्हणतो, “भाऊ, एटीएक्सचा द्या.” तो 1984 च्या मशीनचं नाव घेऊन राहिला, हे त्याला माहीतही नसते.

अंबाझरीचा_वारा

भाऊ, हे नक्कलवाल्यांचं अगदी पटलं. मी माझं विधान बदलतो. नाव आयबीएमचं नाही, पण ‘पीसी’ हे जातीचं नाव झालं ते आयबीएममुळे आणि तिच्या नकलांमुळे. त्याआधी एकाच वस्तूला चार नावं होती. जानेवारी 1975 मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर अल्टेअर 8800 झळकला तेव्हा तिथे ‘मिनीकम्प्युटर किट’ लिहिलं होतं. 397 डॉलरचं किट, 256 बाइट मेमरी, कीबोर्ड नाही, समोर फक्त स्विच आणि दिवे. पुढे कुणी मायक्रो म्हणे, कुणी होम कम्प्युटर. 1981 नंतर हे सगळं मागे पडलं.

दुकानदाराच्या प्रश्नाचा उलगडाही इथंच होतो. पीसी म्हणजे ‘आयबीएमच्या जातीचं यंत्र’ हा अर्थ रुळला, म्हणून अॅपलवाले मॅकला पीसी म्हणत नाहीत, खरं तर तोही पर्सनल कम्प्युटरच. आणि आपल्या बाजारात पीसी म्हणजे ‘कॅबिनेटवाला’. टेबलावर ठेवायचा डब्बा. मूळ अर्थ दोनदा बदलला.

शब्दवेडी_लक्ष्मीनगर

आपण ‘पर्सनल’वर इतकं बोललो, पण ‘कम्प्युटर’ राहून गेला. इंग्रजीत हा शब्द 1613 पासून छापलेला सापडतो आणि तिथे त्याचा अर्थ माणूस असा आहे. हिशेब करणारा माणूस. तीनशे वर्षांहून जास्त काळ कम्प्युटर हे माणसाच्या कामाचं नाव होतं, जसं कारकून, जसं टायपिस्ट.

आपल्याकडेही तेच नाही का? ‘गणक’ म्हणजे संस्कृत ग्रंथांत आकाशातलं गणित मांडणारा माणूस. त्याला ‘सम्’ लावून संगणक झाला, आणि माणूस नाहीसा होऊन यंत्र उरलं. दोन भाषांत एकच प्रवास.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणित शिकलेल्या तरुणी ‘कम्प्युटर’ या पदावर कामाला होत्या. तोफेच्या गोळ्याचा मार्ग हातानं काढायच्या. एका मार्गाला तीस-चाळीस तास लागायचे. त्याच कामासाठी एनिअॅक हे यंत्र बांधलं, अठरा हजारांच्या आसपास व्हॅक्यूम ट्यूबचं, आणि ते चालवायला त्यांच्यातल्याच सहाजणी निवडल्या. त्यातली एक के मॅक्नल्टी. तिनं पुढे 1948 मध्ये एनिअॅकच्या दोन निर्मात्यांपैकी एकाशी, जॉन मॉकली यांच्याशी लग्न केलं.

हे मी का सांगतेय? वर्तमानपत्रात ‘पर्सनल कम्प्युटर’ हे शब्द आजच्या अर्थानं ज्यांच्या तोंडी पहिल्यांदा सापडतात, ते हेच मॉकली. 3 नोव्हेंबर 1962 चा न्यूयॉर्क टाइम्स. साध्या मुलाला किंवा मुलीला पर्सनल कम्प्युटर चालवता येणार नाही असं मानायला काही कारण नाही, असं ते एका भाषणात म्हणाले. त्यांनी मुलगी हा शब्द वेगळा घेतला. ज्याची बायको स्वतः ‘कम्प्युटर’ होती तो माणूस हे म्हणतोय, हे मला फार मोलाचं वाटतं.

हिंगणघाटकर

ताई, माणूस-कम्प्युटर आपल्या मातीतही होते, आणि तेही एनिअॅकच्या शंभर वर्षं आधी. मी भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे.

झिरो माइलला चार घोड्यांच्या खांबाजवळचा दगड कुणी वाकून वाचलाय का? त्यावर जी.टी.एस., स्टँडर्ड बेंचमार्क, 1907 असं कोरलंय. जी.टी.एस. म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. 1802 मध्ये मद्रासला विल्यम लॅम्बटन यांनी भारत मोजायला सुरुवात केली. त्रिकोणामागे त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकत राहिले. नागपूरकडे येताना 1823 च्या जानेवारीत आमच्या हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर इथेच आहे. वर्गातली मुलं मी दरवर्षी तिथे नेत असे.

या मोजणीत रानात दुर्बीण लावणारे वेगळे आणि कागदावर आकडे सोडवणारे वेगळे. आकडे सोडवणाऱ्यांच्या पदाचं नाव ‘कम्प्युटर’. राधानाथ सिकदार 1831 साली या कामावर लागले आणि पुढे चीफ कम्प्युटर झाले. हिमालयातलं पंधराव्या क्रमांकाचं शिखर जगात सगळ्यात उंच आहे हे 1852 मध्ये त्यांच्या आकडेमोडीतून निघालं. 1856 मध्ये उंची जाहीर झाली, 29,002 फूट. शिखराला नाव मात्र सर्व्हेच्या जुन्या प्रमुखाचं, जॉर्ज एव्हरेस्ट यांचं दिलं.

सिकदारांच्या हाताखालीही माणसांची रांगच होती. एकानं बेरीज करायची, दुसऱ्यानं तीच तपासायची. तेव्हा साहेबाला कम्प्युटर हवा म्हणजे बंगाली तरुण हवा. कम्प्युटर आपल्या घरी, आपल्या टेबलावर असावा ही कल्पना तेव्हा कुणाला समजावूनही सांगता आली नसती.

पहिलं_सेमिस्टर

सगळ्यांना नमस्कार. मी वाचत होते, आजच खातं काढलं. शब्दवेडी ताई, मॉकली यांचं ते 1962 चं भाषण कोणत्या यंत्राबद्दल होतं? टेबलावरच्या?

शब्दवेडी_लक्ष्मीनगर

छान विचारलंस बाळा, हे मी आधीच लिहायला हवं होतं. टेबलावरच्या नाही. खिशातल्या! त्या बातमीचा मथळाच असा होता की खिशातला कम्प्युटर वाणसामानाच्या यादीची जागा घेईल.

सुटेभाग_बर्डी

म्हणजे मोबाईल.

धंतोलीकर

हे वाचून मी लगेच पुतणीला फोन लावला. ती क्लासमध्ये होती, रात्री तिचा फोन आला. तिला मॉकलींचं, के मॅक्नल्टीचं आणि सिकदारांचं सांगितलं. शब्दवेडी ताईंच्या किल्लीचंही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मोठे बाबा, त्या तिघींनी किल्लीची दुसरी प्रत का नाही करून घेतली?” ताई, याचं उत्तर तुम्हीच द्या, मी तिला वाचून दाखवीन.

यंत्र कोणतं घ्यायचं ते तिचं ठरलंय. टेबलावरचाच घेणार, कारण तिला तो स्वतः उघडून बघायचाय.

शब्दवेडी_लक्ष्मीनगर

तिला सांगा, केली होती. 1992 मध्ये, महालातल्या एका किल्लीवाल्याकडून, दोन रुपयांत. माझ्या पर्समध्ये असायची.

सुटेभाग_बर्डी

धंतोलीकर काका, कॅबिनेट घ्यायच्या आधी पोरीला माझ्याकडे आणा. एक जुना एटी मी भंगारात दिला नाही, वरच्या फळीवर ठेवला आहे, कुलपासकट. तिला पूर्ण उघडून दाखवतो, मग नवीन जोडू. ती स्वतःच्या हातानं जोडीन. शनिवारी दुपारी दुकानात गर्दी नसते. तुमच्याकडे ती कार्डं असतील तं घेऊन या, मी कधी पाहिली नाहीत.

धंतोलीकर

शनिवारी येतो. गठ्ठा राहिला नाही, ड्रॉइंगच्या वहीत एकच कार्ड सापडलं. तिरप्या रेघेचा त्याच्या कडेवर आता फक्त एक निळा ठिपका दिसतो. ते आणतो.